प्रवासाची शिदोरी : सिराक्यूजमधील एक दिवस

ग्वाल्हेरच्या एका वाचक भगिनीचे पत्र गेल्या महिन्यात आले. येत्या सप्टेंबरअखेर त्या, त्यांचे यजमान आणि चौऱ्याहत्तर वर्षांचे सासरे असे तिघे जण इटलीच्या दक्षिणेकडील सिसिली बेटावर जावयाचे आहेत. पत्रासोबत त्यांनी तेथील एका दिवसाचा आराखडा वहीच्या पानावर सुबक अक्षरात मांडून धाडला आहे. सकाळी आठला नोतो, साडेअकराला सिराक्यूज, तीनला तेथून निघून सायंकाळी ताओरमिना, रात्रीचे भोजन तेथेच, समुद्राच्या काठी. खाली विचारले आहे, "यांत पाहावयाचे काही राहिले असल्यास कृपया कळवावे. शिवाय आम्ही तिघेही शाकाहारी, तरी जेवणाचे कसे करावे?"

पत्र मी ह्यांना वाचून दाखविले. हे त्या पानाकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "अगं, हे तर आपलंच जुनं पान आहे."

त्या जुन्या पानाची हकिकत आधी सांगते. पुढे मी जो सल्ला देणार आहे, तो मूळ तिथला आहे.

हे इंदुरातील एका शाळेत चौतीस वर्षे गणित शिकवीत होते. दरवर्षी घनफळाचा धडा आला, की फळ्यावर एक वर्तुळ काढायचे, त्याला सर्व बाजूंनी टेकेल असा चौकोन काढायचा, आणि मुलांना सांगायचे की हा गोल आणि हे त्याला घट्ट बसणारे दंडगोल. गोलाचे घनफळ दंडगोलाच्या बरोबर दोन-तृतीयांश. आणि हे शोधून काढणारा आर्किमिडीज सिराक्यूजचा. 2012 साली मे महिन्यात आम्ही एका प्रवासी मंडळींबरोबर इटलीला गेलो, त्या कार्यक्रमात सिराक्यूजचे नाव पाहूनच ह्यांनी पैसे भरले होते. प्रत्यक्षात आमची बस तेथे बारा वाजून दहा मिनिटांनी पोहोचली. वाटाड्याने पन्नास मिनिटांची मुदत दिली. वीस मिनिटे स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली. धावतपळत प्रार्थनामंदिरापाशी गेलो तो दार नुकतेच लावलेले. परत येताना आर्किमिडीजच्या नावाचा चौक लागला; तेथे भिंतीवरच्या नावाच्या पाटीखाली ह्यांचे एक छायाचित्र काढले आणि आम्ही बसमध्ये चढलो. वाटेत सोबतच्या एका गृहस्थांनी विचारले, "काय मास्तर, कसं वाटलं आर्किमिडीजचं गाव?" हे म्हणाले, "पाटी चांगली होती." मग ताओरमिना येईपर्यंत बोलले नाहीत.

दुसऱ्यांदा आम्ही गेलो तो 2022 च्या ऑक्टोबरात. मधल्या दहा वर्षांत ह्यांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि हातात काठी आली होती. सलग वीस मिनिटांहून अधिक उभे राहू नये, अशी डॉक्टरांची ताकीद. तेव्हा तो दिवस आम्ही पंचांग पाहावे तसा गुडघा पाहून आखला. तोच येथे जसाच्या तसा देते. ग्वाल्हेरच्या सासऱ्यांना तो मानवेल असे वाटते, आणि ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनाही त्यात काही कमी पडणार नाही.

आधी त्या गावाची रचना ध्यानात घ्यावी. आपण शाळेत सिराक्यूज म्हणून शिकलो, त्यास तेथील लोक सिराकूसा म्हणतात. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात ग्रीसमधील कॉरिन्थ नगरीहून आलेल्या लोकांनी ते वसविले. जुने गाव म्हणजे ओर्तिजिया नावाचे एक लहानसे बेट. लांबी जेमतेम किलोमीटरभर, पुलांनी मुख्य भूमीस जोडलेले. प्राचीन रंगमंदिर, दगडाच्या खाणी वगैरे अवशेष मात्र बेटावर नाहीत. ते अडीच-तीन किलोमीटर आत, नेआपोलिस नावाच्या उद्यानात आहेत. म्हणजे एका गावात दोन गावे पाहावयाची, आणि त्या दोहोंमध्ये एक टळटळीत दुपार.

ह्या दुपारीचाच सगळा प्रश्न आहे. भूमध्य समुद्राकाठच्या जुन्या गावांत दुपारी एकच्या सुमारास दुकाने बंद होतात, पुष्कळशी प्रार्थनामंदिरे कुलुपे लावतात, आणि रस्ते चार वाजेपर्यंत ओस पडतात. आपल्याकडील प्रवासी ह्यावर चिडतो. पैसे भरून आलो आणि ही मंडळी झोपतात काय, असे त्याला वाटते. इंदूर-ग्वाल्हेरची माणसे तर आणखी म्हणतात, की आम्हांस उन्हाचे काय सांगता! तर ऐकून ठेवावे, की 11 ऑगस्ट 2021 रोजी ह्याच सिराक्यूजजवळ 48.8 अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, आणि युरोप खंडातील आजवरचा उच्चांक म्हणून जागतिक हवामान संघटनेने 2024 साली त्यावर शिक्कामोर्तब केले. सप्टेंबरअखेरीस तेवढे नसते, तरी नेआपोलिसच्या पांढऱ्या दगडावरून परतणारी धग बारानंतर सोसवत नाही. म्हणून माझे पहिले सांगणे हे, की आराखड्यात एक ते चार ह्या वेळेपुढे काहीही लिहू नये. ते तीन तास कोरे ठेवावे आणि दिवसाचे बाकीचे सर्व त्यांच्या दोन अंगांना बसवावे.

हे जमण्यासाठी आदल्या रात्री मुक्काम ओर्तिजियातच हवा. कातानियाच्या विमानतळावरून बस वा रेल्वेने सव्वा-दीड तासात येता येते. भाड्याची मोटार घेत असाल तर ती बेटात नेऊ नका. जुन्या वस्तीत बाहेरच्या वाहनांस ठरावीक वेळी बंदी असते. पाटी इटालियनमध्ये, तिच्यावर कॅमेरा, आणि दंडाची चिठ्ठी काही महिन्यांनी घरी येते. आमच्या पुण्याच्या भाच्याला ती आली तेव्हा आपण कोठे चुकलो हेही त्याला आठवत नव्हते. वार निवडताना रविवार टाळावा, कारण बाजार नसतो. आणि पुराणवस्तूंचे मोठे संग्रहालय पाहावयाचे असल्यास सोमवारही टाळावा, त्या दिवशी ते बंद असते.

सकाळचा फराळ आठपूर्वी उरकावा. सिसिलीत उन्हाळ्यात सकाळी खातात ग्रानीता, म्हणजे बदामाच्या दुधाचा, लिंबाचा किंवा कॉफीचा रवाळ बर्फ, आणि त्यासोबत गोलसर मऊ पाव. थंडगार पदार्थ सकाळीच खावयाचा, हे मला प्रथम विचित्र वाटले. मग आठवले की आपणही सकाळी सकाळी पोह्यांवर जिलबी खातो आणि परगावचा माणूस आपल्याकडे तसाच पाहतो. पूर्वी एटना पर्वतावरचे बर्फ खड्ड्यांत दाबून, पेंढ्याखाली झाकून उन्हाळ्यापर्यंत राखीत, त्यातून हा प्रकार निघाला. बदामाचा ग्रानीता अवश्य घ्यावा. जवळच्या आव्होला आणि नोतो ह्या गावांचे बदाम साऱ्या इटलीत नावाजलेले आहेत.

आठ-सव्वाआठला टॅक्सी करून नेआपोलिसच्या दारात दार उघडता उघडता पोहोचावे. वेळ ऋतूप्रमाणे बदलते. मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या रात्री विचारून घ्यावी. त्या वेळी बसगाड्या आलेल्या नसतात, आणि ग्रीक रंगमंदिर ह्या गडबडीविनाच पाहण्यासारखे आहे. पायऱ्या बांधलेल्या नाहीत. डोंगराचा उतारच कोरून बैठका काढल्या आहेत. आजचे रूप इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात दुसऱ्या हिएरो राजाने दिलेले. 1914 पासून येथे ग्रीक नाटकांचे प्रयोग होत आले आहेत. मधली काही वर्षे खंड पडला, तरी आता दर उन्हाळ्याच्या आरंभी होतात, आणि त्या दिवसांत दगडी बैठकांवर लाकडी फळ्या घालतात. सप्टेंबरअखेर दगड मोकळा असतो. सासऱ्यांना वरच्या बाजूला बसवावे. खाली उतरून पुन्हा चढण्याचा आग्रह धरू नये. नाटक वरूनच दिसावे म्हणून ते तसे बांधले आहे.

रंगमंदिराच्या शेजारी दगडाच्या खाणी आहेत. गाव ज्या चुनखडीचे बांधले गेले ती येथून निघाली. आता त्या खोल खड्ड्यांत लिंबू-संत्र्यांची झाडे वाढली आहेत, आणि सकाळी तेथे सुरेख सावली असते. पण हीच जागा एके काळी बंदिवासाची होती. इसवी सनापूर्वी 415 मध्ये अथेन्सने सिराक्यूज जिंकण्यासाठी मोठे आरमार पाठविले. दोन वर्षांनी त्याचा पुरता नाश झाला, आणि सात हजारांहून कमी नव्हेत इतके लोक सिराक्यूजच्या खाणींत डांबले गेले, असे थ्युसिडिडीसने लिहून ठेवले आहे. दिवसाला ओंजळभर पाणी आणि मूठ-दोन मुठी धान्य. वर उघडे आकाश. प्लुटार्कने एक कथा दिली आहे, की युरिपिडीसच्या नाटकांतील उतारे ज्यांना पाठ होते अशा काही अथेनियनांना सिराक्यूजकरांनी ते म्हणून दाखविल्याबद्दल मोकळे केले. शत्रूच्या कवीवर इतके प्रेम असणारे लोक शत्रूच्या सैनिकांना असे मारतात, ह्याचा मेळ मला अजून लागलेला नाही.

ह्या खाणीतच 'डायोनिसियसचा कान' नावाची गुहा आहे. सुमारे 23 मीटर उंच, 65 मीटर खोल, वर निमुळती होत गेलेली. हे नाव चित्रकार काराव्हाज्जोने 1608 साली येथे आला असता दिले, असे सांगतात. आत बोललेला शब्द भिंतींवरून मोठा होऊन परततो. जुलमी राजा वरच्या फटीतून कैद्यांचे बोलणे ऐकत असे, ही लोकांनी मागाहून जोडलेली गोष्ट. आम्ही आत शिरलो तेव्हा शाळेतील मुलांचा एक घोळका 'ओ, ओ' करून आवाज काढीत होता. ह्यांना काय वाटले कोण जाणे. काठी टेकून उभे राहिले आणि खड्या आवाजात एकोणतीसचा पाढा म्हणू लागले. मुले गप्प झाली. 'एकोणतीस दाहे दोनशे नव्वद' ही ओळ वर छतापर्यंत जाऊन उतरली, तशी मुलांनी टाळ्या वाजविल्या. त्यांच्या बाईंनी मला खुणेने विचारले, प्रार्थना होती का? मी मान डोलावली. समजावून सांगणे माझ्या इटालियनच्या पलीकडचे होते.

उद्यानातून निघताना आर्किमिडीजची समाधी म्हणून एक खडकातील दार दाखवितात. रस्त्यावरच्या कुंपणातूनही ते दिसते. ती त्याची समाधी नव्हे. रोमन काळातील दफनस्थान आहे. खरी समाधी सिसेरोने पाहिली होती. इसवी सनापूर्वी 75 मध्ये तो सिसिलीत अधिकारी असताना काट्याकुट्यांत दडलेला एक लहान खांब त्याला दिसला; त्यावर गोल आणि दंडगोल कोरलेले होते, त्यावरून त्याने ओळखले आणि झाडोरा तोडविला. त्या वेळी सिराक्यूजकर स्वतःच ती विसरले होते. आज तिचा मागमूस नाही. हे सर्व ह्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते, तरी ह्यांनी टॅक्सी थांबवावयास लावली. उतरले, कुंपणापाशी उभे राहिले, काठीच्या टोकाने धुळीत एक वर्तुळ काढले, त्याभोवती चौकोन काढला. मग बुटाने पुसून टाकले आणि गाडीत येऊन बसले.

साडेदहा-अकराला परत बेटावर. पूल ओलांडताच अपोलोच्या देवळाचे भग्न खांब दिसतात, सिसिलीतील अगदी जुन्या डोरिक देवळांपैकी एक. आणि त्याच्या बाजूच्या गल्लीत बाजार. दुपारी एकच्या आत तो आवरू लागतो, म्हणून हीच वेळ. मासळीवाल्यांची आरडाओरड पुढच्या बाजूला अधिक. शाकाहारी नाकास ते सोसले नाही तर भरभर पुढे सरकावे. मग वांग्यांचे ढीग, ऑलिव्ह, वाळविलेले टोमॅटो, पाकिनोचे द्राक्षाएवढे गोड टोमॅटो, टोपल्यांत थरथरणारा ताजा रिकोत्ता. निवडुंगाची लालपिवळी फळे सोलून देणारा एक म्हातारा आमच्याकडे पाहून "फिको दिंदिया, फिको दिंदिया" म्हणून हसत होता. त्या फळाला इटालियनमध्ये 'हिंदुस्थानचे अंजीर' म्हणतात! निवडुंग अमेरिकेचा, त्याचे नाव आमचे, आणि पैसे मात्र त्याने पुरते घेतले.

ह्या बाजारात आपले खरे आप्तही भेटतात. वांगे आपल्याकडून निघून अरबांच्या हातून येथे आले. नवव्या शतकापासून अकराव्या शतकापर्यंत हे बेट अरबांच्या ताब्यात होते. साखरेचा 'झुक्केरो' आणि संत्र्याचा 'आरांचा' हे शब्द फारसी-अरबी मुखांतून फिरत आलेले आपले शर्करा आणि नारंगच होत. आंबटगोड कापोनाता चाखताना हे आठवावे : तळलेले वांगे, सेलरीच्या दांड्या, टोमॅटो, ऑलिव्ह, केपरच्या खारविलेल्या कळ्या आणि वरून व्हिनेगर व साखर. गुळचिंचेवर वाढलेल्या जिभेला ते परके वाटत नाही. पुढे कधी पालेर्मो शहरात गेलात तर पानेल्ले मागावे. हरभऱ्याचे पीठ पाण्यात शिजवून, थापून, कापून तळलेल्या वड्या. पहिला घास घेताच मी म्हणाले, "अहो, ही तर पाटवडी!" फोडणी तेवढी नव्हती.

आता भगिनींच्या प्रश्नाचा दुसरा भाग. शाकाहार तेथे कठीण नाही, पण भाबडेपणा चालत नाही. तांदळाचे सारण भरलेले तळीव गोळे, आरांचिनी, दिसायला आपल्या कचोरीसारखे निरागस असतात; त्यांत बहुधा खिमा असतो. 'आल बुर्रो', म्हणजे लोण्याचे, असे लिहिलेले पाहून आपण निःशंक होतो, आणि त्यातच चीजबरोबर डुकराच्या मांसाचे तुकडे निघतात. पालकाचे किंवा वांग्याचे विचारून घ्यावे. सॉसमध्ये आंचोव्ही नावाची लहान मासळी विरघळलेली असू शकते. सर्वांत फसवी वस्तू म्हणजे स्त्रुत्तो, डुकराची चरबी. कान्नोली नावाच्या प्रसिद्ध मिठाईच्या कुरकुरीत नळीत ती पुष्कळदा असते आणि न्याहारीच्या पावातही कधी कधी घालतात. कडक नियम पाळणाऱ्यांनी हेही जाणावे, की पार्मेसान चीज वासराच्या जठरातील विरजणाने धरतात. एका कागदावर तीन शब्द लिहून घ्यावेत : सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा स्त्रुत्तो, मांसाविना, माशाविना, चरबीविना. कागद दाखविला की कोणी रागावत नाही; उलट आत जाऊन स्वयंपाकिणीला विचारून येतात.

दुपारचे जेवण आम्ही बाजारातच घेतले : पाव, रिकोत्ता, टोमॅटो, ऑलिव्ह, डाळिंब. तिघांना पुरून उरेल एवढे दोघांनी संपविले. खोलीवर येऊन पडद्या ओढल्या आणि निजलो. हे चक्क घोरत होते. खाली गल्लीत चिटपाखरू नव्हते; कोठेतरी भांडी घासल्याचा आवाज तेवढा येत होता. दहा वर्षांपूर्वी ह्याच वेळी आम्ही बसच्या शोधात धावत होतो.

चारला उठून, चेहऱ्यावर पाणी मारून प्रार्थनामंदिराकडे निघालो. शेवटच्या प्रवेशाची वेळ मी सकाळीच दारावर वाचून आले होते. हे काम विसरू नये. खांदे व गुडघे झाकलेले असावेत. साडी वा सलवार-कमीज नेसल्यास प्रश्नच येत नाही. आत जाण्यापूर्वी उत्तरेकडील गल्लीतून भिंत पाहावी. भिंतीत प्रचंड खांब गाडलेले दिसतात. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात, हिमेराच्या लढाईत कार्थेजवर विजय मिळाल्यावर गेलोन राजाच्या काळी उभारलेले हे अथेनाचे देऊळ. सातव्या शतकात ख्रिस्ती लोकांनी खांबांमधील मोकळ्या जागा दगडांनी भरून बाहेरची भिंत केली, आणि गाभाऱ्याच्या भिंती फोडून कमानी काढल्या. 1693 च्या भूकंपात समोरचा दर्शनी भाग पडला, तो अठराव्या शतकात नव्या थाटात बांधला. खांब त्यांतूनही उभे राहिले. काही जागचे हललेले आहेत, ते डोळ्यांनाही कळते.

ह्या वेळी दार उघडे होते. आत गेल्यावर ह्यांनी प्रथम बाक शोधला आणि दोन खांबांच्या मधोमध बसले. वीस मिनिटांची मर्यादा उभे राहण्याला होती, बसण्याला नव्हती. मी सर्व कोपरे हिंडून आले, कारागिरी पाहिली, मेणबत्त्या पाहिल्या, हे तेथेच. अर्ध्या तासाने मला खुणेने बोलावून हळूच म्हणाले, "छत्री आण तुझी." माझ्या छत्रीची लांबी ह्यांना ठाऊक होती. एका टोकाशी मी, एका टोकाशी हे, असा खांबाचा व्यास मोजला. जवळजवळ दोन मीटर आला. रखवालदार पाहत होता, पण काही बोलला नाही. मग ह्यांनी तळवा खांबाला लावून ठेवला. "तो इथं येत असणार," म्हणाले. "त्याच्या वेळीच हे अडीचशे वर्षांचं जुनं देऊळ होतं."

इसवी सनापूर्वी 212 मध्ये रोमन सैन्याने गाव घेतले तेव्हा आर्किमिडीज मारला गेला, हे सर्वांना माहीत आहे. हे मात्र त्या दिवशी त्याबद्दल काही बोलले नाहीत.

बाहेर आलो तेव्हा सूर्य पश्चिमेस उतरला होता. मंदिराचे तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे संध्याकाळी तो सगळा चौक केशर कालवलेल्या दुधाच्या रंगाचा होतो. दुपारी बाराला, आम्ही पहिल्यांदा पाहिला तेव्हा, तो डोळे दिपविणारा पांढरा होता. तेथून उतरणीने पाच मिनिटांवर आरेथुसेचा झरा. समुद्राला अगदी लागून गोड्या पाण्याचे कुंड, आणि त्यात पपायरसची झुडपे. ग्रीकांची कथा अशी, की आल्फेयस नदाचा पाठलाग चुकविण्यासाठी आरेथुसा नावाची अप्सरा ग्रीसमधून समुद्राखालून पळाली आणि येथे झरा होऊन वर आली. काठावर कठडा आहे, बसण्यास जागा आहे, आणि समोर मोठ्या बंदरावर सूर्यास्त. ज्या पाण्यात अथेन्सचे आरमार बुडाले, तेच हे पाणी. सासऱ्यांसाठी दिवसातील सर्वांत सोयीची जागा हीच समजावी.

रात्रीचे जेवण आठपूर्वी मागू नये. स्वयंपाकघर तयार नसते. आम्ही आतल्या गल्लीतील एका लहानशा खाणावळीत गेलो. तेथील रीत अशी, की जेवणाचे टप्पे पाडलेले असतात : आधी चटकमटक, मग पास्ता वा भात, मग मांस-मासळी, सोबत भाजी. सगळे मागविण्याची सक्ती नाही. बिलात माणशी दोन-तीन युरो 'कोपेर्तो' म्हणून लागतात. ते पाव व टेबलाचे, फसवणूक नव्हे. आम्ही कापोनाता, माक्को, म्हणजे बाकल्याच्या दाण्यांचे बडीशेपेच्या पानांत शिजविलेले घट्ट वरण, आणि 'नोर्मा' पद्धतीचा पास्ता मागविला. टोमॅटो, तळलेले वांगे, तुळशीच्या जातीची बासिल पाने, वरून खारवलेला रिकोत्ता किसून. कातानियात जन्मलेल्या बेल्लिनी ह्या संगीतकाराच्या संगीतिकेवरून त्याला हे नाव पडले म्हणतात. मालकीणबाई सत्तरीच्या असाव्यात. आम्ही माक्को बोटाने पुसून खाल्लेला पाहून त्या खूश झाल्या, आणि त्यांच्या नातीने तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितले, की 13 डिसेंबरला, संत लुचियाच्या दिवशी, या. त्या दिवशी आम्ही पाव-पास्ता खात नाही, अख्खे गहू शिजवून गोड रिकोत्त्यात घालून खातो. एका दुष्काळात धान्याची गलबते आली आणि भुकेल्या लोकांना दळण्याइतकाही धीर नव्हता, त्याची ती आठवण. मी गव्हाच्या खिरीची कृती सांगितली. गूळ म्हणजे काय ते समजावण्यात पंधरा मिनिटे गेली.

ग्वाल्हेरच्या भगिनींना आता नेमके सांगावयाचे ते हे. नोतो सुंदर आहे; 1693 च्या भूकंपात जुने गाव गेल्यावर दुसऱ्या जागी, मधाच्या रंगाच्या दगडात, एकाच शैलीत उभे केलेले गाव. 1996 साली तेथील मुख्य प्रार्थनामंदिराचा घुमट कोसळला होता. जीर्णोद्धार होऊन 2007 साली ते पुन्हा उघडले. त्यासाठी दुसरी सकाळ द्यावी. सिराक्यूजहून रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासाचे अंतर. रविवारी गाड्या फार कमी असतात, आणि स्थानकापासून गावात चढण आहे, तेव्हा वृद्धांसाठी वाहन करावे. ताओरमिना सव्वाशे किलोमीटरच्या आसपास दूर आहे; त्यास ह्या प्रवासात काट मारावी, किंवा कातानियाकडे परतताना स्वतंत्र मुक्काम करावा.

आणि एक राहिले. आपल्या पानावर सर्व ठिकाणांच्या वेळा आहेत, पण सासऱ्यांना ह्यांपैकी काय पाहावयाचे आहे ते कोठेच लिहिलेले नाही. त्यांना विचारून घ्यावे. रंगमंदिर म्हणाले तर सकाळी तेथे दोन तास द्या आणि खाणी सोडा; समुद्र म्हणाले तर सायंकाळी पाचलाच आरेथुसेपाशी नेऊन बसवा, सोबत पाण्याची बाटली आणि पाठीला एक लहान उशी. उशी येथूनच न्यावी, तेथे शोधण्यात आमचा एक तास गेला होता.